काचेवरचा अंगठा

आमच्या ह्यांना माणसांची किळस येते, आणि मला ह्यांच्या त्या किळसेची. तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करतायत आणि तीस वर्षं तोच पाढा: "तेलकट हातांनी हेडलाइटचा बल्ब धरतात, गाढवं. काचेला बोटाचं तेल लागलं की तिथेच ती जास्त तापते, बल्ब उडतो आणि नाव माझं खराब." दुकानात फ्यूज नि बल्ब मी विकते, पण बसवायची वेळ आली की, "तू लांब हो. तुझे हात स्वयंपाकाचे." लग्न झाल्यापासून ऐकतेय.

म्हणून डॉक्टरीणबाई दोन महिन्यांत पाचव्यांदा आल्या तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटलं. त्या लांबच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जातात. "उजवा दिवा परत गेला," त्या म्हणाल्या. "काल पुलाच्या कठड्याला गाडी घासली. तुमच्याने होत नसेल तर सांगा, दुसरीकडे दाखवते."

आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडेच गेली होती, एका शब्दाने न बोलता. बाई तेवढ्या परत येत होत्या. त्याही गेल्या की शटर ओढायचं, एवढंच उरलं होतं.

हे आधी बल्बच्या कंपनीवर घसरले, मग रस्त्यांवर. मग मीटर लावला. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या जरा वर, म्हणजे चार्जिंग ठीक. अर्थची वायर घट्ट, होल्डर स्वच्छ, दिव्यात पाण्याचा थेंब नाही. "सगळं बरोबर आहे," हे चिडून म्हणाले. "बल्बच भिकार येतात हल्ली." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी उडालेल्या बल्बांचा डबा टेबलावर ओतला. एकेक उचलून बघितला. काचेवर पांढुरका, फुगलेला डाग, प्रत्येकावर त्याच जागी, अंगठ्याएवढा. मला शिसारी आली. मागच्याच आठवड्यात ह्यांचा अंगठा सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकावर टेकला होता. जळक्या कातडीचा वास मला आला, ह्यांना पत्ताच नाही. "कातडी जाड झालीय," म्हणून वर हसले. मधुमेहाच्या गोळ्या गादीखाली लपवायच्या आणि चहात तीन चमचे साखर घालायची, असला हा माणूस.

"हा अंगठा कोणाचा?" मी एक बल्ब ह्यांच्या नाकासमोर धरला.

"मी काचेला हात लावत नाही."

"लागतो. तुम्हाला कळत नाही."

हे माझ्या अंगावर येणार, तेवढ्यात बाईंनी बॅगेतून सुई काढली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

ह्यांनी नाक मुरडून डोळे मिटले. बाईंनी अंगठ्यावर सुई टोचली. रक्ताचा टपोरा थेंब आला. बाईंनी सुई कागदात गुंडाळली, बॅगेत ठेवली.

"टोचा की आता," हे म्हणाले. "किती वेळ लावताय?"

ह्यांनी डोळे उघडले. अंगठ्याकडे बघून तोंड तसंच वाकडं केलं, जसं आजवर लोकांच्या तेलकट हातांकडे बघून करत आले. मग नव्या बल्बचं खोकं माझ्याकडे सरकवलं.

"साबणाने धू हात," ते म्हणाले. "आणि काचेला लावू नकोस."