सव्वा किलोची चोरी

टॉफ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी एकतीस वर्षं बसलेली बाई निवृत्त झाली, म्हणून काय दुसऱ्या दिवशी लगेच साधीसुधी आजी होते? छे! कारखान्यात तिला सगळे झडतीबाई म्हणत. संध्याकाळचा भोंगा झाला की दोनशे बायका एकेक करून तिच्यापुढं यायच्या, हात वर करायच्या, आणि हिचे हात त्यांच्या खिशांवरून, डब्यांवरून, केसांच्या गाठोड्यांवरून फिरायचे. काय काय पकडलं होतं तिनं! एकीच्या डब्याला खोटा तळ होता. एक तर पायाला प्लास्टर घालून लंगडत आली आणि आत निघाल्या साठ टॉफ्या. झडतीबाईनं ते ओळखलं कसं? तर सकाळी बाई डाव्या पायानं लंगडत होती आणि संध्याकाळी उजव्या.

नोकरी सुटली, पण हाताची सवय सुटेना. पाव हातात घेतला की ती सांगायची, "वीस ग्रॅम कमी आहे. नेऊन दे परत." दूधवाला तिच्या दारात आला की आधीच घसा खाकरायचा. सून बाजारातून आली की पिशवी टेबलावर ठेवून म्हणायची, "घ्या आई, आधी झडती उरका, मग चहा टाकते." झडतीबाईला टोमणा कळायचा, पण पिशवीत डोकावल्याशिवाय राहवायचं नाही. निरोप देताना कारखान्यानं तिला एक जुना वजनकाटा दिला होता. दुसऱ्या एखादीनं तो माळ्यावर टाकला असता. हिनं ओट्यावर मांडला, अगदी मधोमध.

अशा घरात एका गुरुवारी एक परकी पोर राहायला आली.

त्याचं असं झालं. झडतीबाईची लेक औषधांच्या दुकानात कामाला. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता कुठं तिचं मन एका माणसावर बसलं होतं. तो बस दुरुस्त करणारा मिस्त्री, बायको वारलेली, अकरा वर्षांची एक मुलगी. रविवारी लग्न ठरलं होतं. नव्वद माणसं, खालच्या अंगणात खुर्च्या टाकून जेवण, बस्स. पण मिस्त्रीनं एक गोष्ट साफ सांगितली होती. मुलीनं तीन दिवस या घरी राहायचं, आणि तिचं मन रमलं नाही तर रविवार पुढं ढकलायचा. किती पुढं, ते काही तो बोलला नव्हता.

शुक्रवारी सकाळी कामावर निघताना लेकीनं आईला दारामागं ओढलं.

"आई, हात जोडते. त्या पोरीवर तुझं ते डोळे वटारणं नको."

"मी कुठं वटारते? माझे डोळेच तसे आहेत."

"काल तू तिच्या बॅगेची चेन उघडून बघितलीस."

"नीट लागली आहे का ते बघत होते!"

"आई!" लेकीनं दार आणखी जवळ ओढलं. "नऊ वर्षांनी घडतंय हे. तुझ्यामुळं मोडलं ना, तर मी परत कुणाकडं बघणारसुद्धा नाही. सांगून ठेवते."

या लेकीचं घर परत उभं राहावं म्हणून झडतीबाईनं कुठं कुठं डोकं टेकलं नव्हतं! ती म्हणाली, "जा तू बिनघोर. मी तोंडाला कुलूप लावते."

तोंडाला कुलूप लागलं. पण मनाला कुठून आणायचं?

पोर होती शांत. फार शांत. झडतीबाईच्या अनुभवानं सांगायचं तर संशय घ्यावा इतकी शांत. फाटकात बडबड्या बायकांकडं कधी काही सापडायचं नाही, सापडायचं ते खाली मान घालून येणाऱ्यांकडं. त्यात ही नवी पोर प्रत्येक खोलीत शिरताना आधी दारात उभी राहायची आणि डोळ्यांनी सगळं टिपून घ्यायची. 'काय टिपते ही?' झडतीबाईला वाटायचं. 'कुठं काय ठेवलंय ते?'

रविवारी पाहुण्यांच्या हातावर काय गोड ठेवायचं, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली होती. नवी पोरगी गुरुवारी रात्री पहिल्यांदा आपणहून बोलली. "मला दुधाची टॉफी येते. आमच्या आजीनं शिकवली."

'आमच्या आजीनं.' झडतीबाईला ते जरा टोचलं. पण ती म्हणाली, "करू की. मीही जन्मभर टॉफीतच काढलाय."

हे अर्धसत्य होतं. जन्म काढला होता तो फाटकात. जिथं साखर शिजायची त्या खोलीत तिला कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. झडती घेणारीनं आत जायचं नाही, असा नियमच होता. टॉफीचा वास, वजन, कागदाचा आवाज सगळं तिला पाठ, फक्त टॉफी होते कशी ते तिनं बापजन्मात बघितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरात चौघं जमली. नवी पोरगी, मुलाची दोन पोरं आणि झडतीबाई. त्या दोघांत थोरलीला सगळे शहाणी म्हणत, कारण ती होतीच तशी, आणि साडेसहा वर्षांच्या धाकट्याला ठेंगू. झडतीबाईनं स्टूल ओढलं आणि थेट दारात ठाण मांडलं.

"आजी, तू दारात का बसलीस?" शहाणीनं विचारलं.

"वारा येतो इथं."

वारा कसला, पंखासुद्धा बंद होता.

पातेल्यात काही पडायच्या आधी तिनं सगळं काट्यावर घातलं. साखर एक किलो. दूध दीड किलो. लोणी दोनशे ग्रॅम. एकूण दोन किलो सातशे. दहा ग्रॅमची एक, म्हणजे दोनशे सत्तर टॉफ्या, नव्वद माणसांना प्रत्येकी तीन. हिशोब असा चोख बसला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

नवी पोरगी मात्र कामाला लागली तशी वेगळीच दिसायला लागली. जाड बुडाचं पातेलं तिनं निवडलं, आच बारीक केली, शहाणीच्या हातात लाकडी चमचा दिला. "बुडाला घासून फिरव. थांबलीस की लागलंच म्हणून समज." ठेंगूला ताटाला लोणी फासायला बसवलं. त्यानं ताटाला थोडं आणि कोपरापर्यंत स्वतःला जास्त फासलं. त्याचा वरचा पुढचा दात आठवडाभर हलत होता, आणि तो जिभेनं त्याला सारखा झुलवत होता. तास झाला, सव्वा तास झाला. दूध पिवळं झालं, मग बदामी. पोरगी वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाकायची, दोन बोटांनी चेपून बघायची आणि मान हलवायची. "अजून नाही."

तेवढ्यात खालून हाक आली. खुर्च्या आल्या होत्या. आता खुर्च्या आल्या म्हणजे त्या मोजायला नकोत? झडतीबाई खाली गेली. खुर्च्यावाला म्हणाला, "नव्वद आहेत, आजी." तिनं मोजल्या. नव्वद भरल्या. मग तिला वाटलं, बरोबर निघाल्या म्हणजे काहीतरी गडबड असणार. तिनं परत मोजल्या. या भानगडीत वीस-पंचवीस मिनिटं गेली.

वर येऊन बघते तो टॉफी ताटात ओतलेली, वड्यासुद्धा पाडून झालेल्या. आणि स्वयंपाकघरात चिडीचूप. शहाणी खिडकीबाहेर बघतेय. ठेंगूनं ओठ असे गच्च मिटलेत की जणू शिवलेत. आणि नव्या पोरीचा हात फ्रॉकच्या खिशावर, घट्ट.

एकतीस वर्षांची नजर ती. खिशावरचा हात तिनं लांबूनच ओळखला.

तिनं टॉफीचं ताट काट्यावर ठेवलं, ताटाचं वजन वजा केलं. परत केलं. एक किलो साडेचारशे.

आत गेलं दोन किलो सातशे, बाहेर आलं एक किलो साडेचारशे! सव्वा किलो माल वीस मिनिटांत गायब! कारखान्यात एवढं गेलं असतं तर फाटक बंद करून मालकाला बोलावलं असतं. लेकीला दिलेलं वचन तिला आठवलं, नाही असं नाही. पण हात आपोआप मागं गेला आणि त्यानं दार लोटलं.

"इकडं ये," ती नव्या पोरीला म्हणाली. "हात वर कर."

पोरगी जागची हलली नाही. "का?"

"खिशात काय आहे?"

"माझं नाहीये ते."

"तेच म्हणते मी! तुझं नाहीच. काढ बाहेर."

"नाही काढणार. मी शब्द दिलाय." पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण हनुवटी वर. "या घरात सगळ्यांचे खिसे बघतात, की फक्त माझाच?"

सापडलेल्या बाया रडायच्या, पाया पडायच्या. उलट प्रश्न कुणी केला नव्हता. झडतीबाई काट्याकडं बोट दाखवत म्हणाली, "सव्वा किलो कमी आहे. घातलं तेवढं आलं नाही."

पोरगी काट्याकडं बघत राहिली. मग तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"आजी, सव्वा किलो या खिशात मावेल तरी का? दूध आटतं ना."

"आटतं म्हणजे दाट होतं. जातं कुठं?"

"वर."

"वर कुठं वर?"

पोरीनं बोलण्यात वेळ घालवला नाही. छोटी कढई काट्यावर ठेवली, तिच्यात पाव किलो दूध मोजून ओतलं, आजीला आकडा दाखवला आणि कढई गॅसवर चढवली. झडतीबाई स्टूल ओढून बसली ती थेट कढईपुढं, डोळ्याची पापणी न लववता. कुणी हात लावला नाही, कुणी चमचा बुडवला नाही. नुसती वाफ निघत होती. ती गेली छताकडं, तिथून खिडकीतून बाहेर. पंधरा मिनिटांनी कढई परत काट्यावर आली. दूध अर्ध्याहून कमी.

"आता सांगा," पोरगी म्हणाली, "कुणी घेतलं?"

"मी नाही!" ठेंगूनं एकदम भोकाड पसरलं. "मी फक्त पातेलं खरवडलं! एकच गोळा खाल्ला! आणि दात त्यालाच चिकटला!" आणि त्यानं तोंड उघडून दाखवलं. पुढं मोठी खिंड.

आता शब्द पाळायचं कारण उरलं नव्हतं. पोरीनं खिशातून कागदाची पुडी काढून ओट्यावर ठेवली. आत ठेंगूचा दात, टॉफीसकट. "तो म्हणाला, आजीला पडलेला दात दिसला तर ती लगेच ओळखेल की मी चोरून खाल्लं. म्हणून मी ठेवला."

शहाणी म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं, आजी तुला कशाला पकडेल? ती आपली आजी आहे." आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

झडतीबाईनं ती पुडी हातात घेतली. घरच्या पोराचं तोंड शिवल्यासारखं मिटलेलं होतं, ते तिला दिसलं होतं की! दिसूनही तिनं बघितलं नव्हतं. आणि ती वाफ! कारखान्याच्या धुराड्यातून एकतीस वर्षं पांढरे लोट निघत होते, तिच्या डोक्यावरून. खाली ती बायकांचे डबे उघडत बसली होती, आणि वरून रोज शेकडो किलो माल तिच्या नाकासमोरून निघून जात होता.

तिला हसू यायला हवं होतं. पण घड्याळात सव्वासहा झाले होते आणि साडेसहाला लेक येणार होती.

ती पंधरा मिनिटं तिला फार जड गेली. समोर पोरगी गुपचूप कागदात टॉफ्या गुंडाळत होती. ही पोर शब्द पाळते, हे तर आत्ताच बघितलं होतं. नुसतं म्हणायचा अवकाश, 'बाळ, हे आपल्यातच राहू दे,' आणि जन्मात कुणाला कळलं नसतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. मग तिला वाटलं, दुसऱ्याचं लपवून या पोरीचा खिसा आधीच भरला होता आज. त्यात आपलंही कोंबायचं?

लेक दारात आली तशी चप्पलसुद्धा काढू न देता झडतीबाई म्हणाली, "मी तिची झडती घेतली. हात वर कर म्हणाले. तिनं काही केलं नव्हतं."

लेकीच्या हातातली पिशवी खाली गेली. तेवढ्यात तिच्या फोनची घंटी वाजली. मिस्त्री. रोज याच वेळी तो मुलीशी बोलायचा. लेकीनं फोन तसाच पोरीच्या हातात दिला.

दोघी मायलेकी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पोरगी त्यांच्याकडं पाठ करून बोलत होती.

"हां बाबा... केली ना, टॉफी केली... नाही, चांगली झाली... हो, झालं एक. आजींना वाटलं मी चोरली... नाही नाही, मारलं नाही... हो, वाईट वाटलं मला." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही, मी नाही सांगितलं कुणाला. आजींनीच स्वतः सांगितलं. दारातच."

पलीकडं मिस्त्रीचा आवाज वाढला, तो इथपर्यंत ऐकू आला. "मी येऊ का तुला न्यायला? आत्ता निघतो."

लेकीनं डोळे मिटून घेतले.

मान वळवून पोरीनं ओट्यावरच्या टॉफ्यांकडं बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या दोघींकडं.

"न्यायला नको," ती म्हणाली. "टॉफी कमी पडलीये बाबा, आजींचा हिशोब चुकला. उद्या आणखी करायचीये. सकाळी येताना दोन लिटर दूध घेऊन या."

झडतीबाईला राहवलं नाही. तिनं पदर डोळ्यांना लावता लावताच ओरडून सांगितलं, "तीन सांग गं! अर्धं तर वरच जातं!"