झोपायची रोजी

देवाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गुडीहत्नूरहून आदिलाबादच्या जिनिंगला जायचं तर पहिली गाडी धरावी लागे. ती चुकली की त्याच्या वाटचा भार हमालांच्या टोळीतल्या दुसऱ्यावर पडे, आणि ते त्याला खपत नसे. कापसाची गाठ एकट्याला हलत नाही. सगळ्यांचा जोर एकाच वेळी लागतो. एकाने अंग चोरलं की बाकीच्यांची कंबर जाते. थप्पीत एखादी गाठ सैल बसली, तर ट्रक भरत आला असला तरी देवाजी ती काढून पुन्हा बसवायला लावी. पोरं शिव्या देत. पण त्याची थप्पी कधी घसरली नाही.

याच मेहनतीवर त्याने पोरीला, दीपमालाला, नर्सिंगला घातलं होतं. ती लहान असताना तिची माय रुख्मिणी जुलाबांनी इतकी सुकली की सलाईनसाठी शीर सापडेना. दवाखान्यातल्या सगळ्यांनी हात टेकले. मग बयनाबाई सिस्टर आल्या. त्यांनी रुख्मिणीच्या हातावरून अंगठा फिरवला, क्षणभर थांबल्या, आणि सुई पहिल्याच खेपेला आत. रुख्मिणी वाचली. देवाजी तेव्हाच म्हणाला होता, “असा हात माह्या पोरीचा पायजे.”

कॉलेज दाखवलं भगवंतरावाने. तो टोळीचा मुकादम, गावचाच, लांबच्या नात्यातला. “त्याइचा सोताचा दवाखाना हाय,” तो म्हणाला होता. “पोरगी पेशंटमंदीच शिकन.” दर हंगामाला देवाजी फी त्याच्याच हाती देई. स्वतः तो होस्टेलच्या फाटकापलीकडे कधी गेला नव्हता.

दीपमालाच्या शेवटच्या वर्षी, उन्हाळ्यात जिनिंग बंद असताना, भगवंतराव दारात येऊन उभा राहिला.

“देवाजी, चाल. पोरीच्या कॉलेजचंच काम हाय. रोजी पुरी, जेवन वरून.”

मुकादमाने बोलावल्यावर काम कसलं ते विचारायचं नाही, ही टोळीची रीत. देवाजीला वाटलं, खाटा हलवायच्या असतील. खांद्यावर टाकायचं जाड फडकं त्याने सोबत घेतलं.

दवाखान्याचा वॉर्ड मोठा होता. चादरी कोऱ्या, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. पण खाटा हलवायच्या नव्हत्या. त्यांवर निजायचं होतं. दिल्लीहून की हैदराबादहून साहेब तपासणीला येणार होते, आणि दवाखान्यात पेशंट नव्हते. बघता बघता सगळी टोळी पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून आडवी झाली.

“पंढरी, तुले का झालं रे?” पलीकडच्या खाटेवरून कुणी विचारलं.

“मले कावीळ. तुले?”

“माह्यावाली बिमारी आजून वाटली नाई.”

“माग ना एखादी मुकादमाले. हलकी पायजे म्हना, उचलाले सोपी!”

सगळे खदखदले. देवाजी हसला नाही. त्याच्या धडधाकट पोटावर एकाने पट्टी गुंडाळली आणि सांगितलं, तुमचं ऑपरेशन झालं आहे. त्याने फडकं उशाला घेतलं. निजून रोजी घ्यायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

तेवढ्यात ट्रे घेऊन मुली आल्या. त्याच्या खाटेशी आलेली मुलगी दीपमाला होती.

तिचा ट्रे वाजला. देवाजी उठायला लागला. तिने मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मॅडमकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “काका, हात द्या.”

देवाजीने हात दिला. गाठी उचलून त्याच्या हातावर शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. आंधळ्यालाही सापडल्या असत्या. दीपमालाने सुई घातली. चुकली. पुन्हा घातली. रक्त चादरीवर आलं. तिसऱ्यांदाही चुकली तशी मॅडम पुटपुटल्या, “सोड. नळी नुसती चिकटव.” सुई काढून नळीचं टोक त्याच्या कातडीवर पट्टीने डकवलं गेलं. वर बाटली लटकत होती. थेंब कुठेच जात नव्हता.

साहेब आले. “एमैंदी, पेद्दायना?” त्यांनी तेलुगूत विचारलं. काय झालं, बाबा?

देवाजीला कळलं. एका शब्दात सगळं संपवता आलं असतं. कॉलेज बंद झालं असतं. पोरीची वर्षंही त्यासोबत गेली असती. दीपमाला खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभी होती.

“पोट, साहेब,” तो म्हणाला.

“नर्सा बराबर देखते?”

“हो. चांगल्या हायेत.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने सैल गाठ तशीच राहू दिली.

साहेब गेल्यावर ती त्याला मागच्या जिन्याखाली भेटली.

“कवापासून चालून राह्यलं हे?”

“पह्यल्या वर्षापासून. पेशंट येतच नाई, बाबा. सुई टोचाले एक बाहुली हाय, तेबी काचेत कुलपात. साहेब आले की काढतात.”

“मंग मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तुमी मले काढून नेलं असतं.”

“भगवंतरावाले ठाऊक होतं?”

दरवर्षी खाटा भरायची माणसं तोच आणत होता, आजवर दुसऱ्या गावांतून.

बाहेर टेम्पोपाशी भगवंतराव रोजी वाटत होता. देवाजीने हात पुढे केला नाही.

“अबे घे ना! बसल्या जागी भेटून राह्यली तं लाजतं काऊन?”

“काम नाई केलं,” देवाजी म्हणाला, आणि पायीच बसस्टँडकडे निघाला.

पुढे दीपमाला पास झाली. सर्टिफिकेट आलं. भगवंतराव पेढे मागायला आला; निर्मलच्या एका खाजगी दवाखान्यात त्याने नोकरीही ठरवून ठेवली होती. रुख्मिणी चहा ठेवायला उठली. देवाजीने तिला बसवलं.

“पोरगी जानार नाई.”

“येडा झाला का तू? सर्टिफिकेट हाय तिच्यापाशी!”

“हात नाई,” देवाजी म्हणाला. “तुह्या पोरीले सलाईन लावाची वेळ आली, तं पाठवतो हिले. चालते?”

भगवंतराव उठून गेला. नंतर त्याच्या टोळीत देवाजीला जागा राहिली नाही. हंगाम लागला तेव्हा तो दुसऱ्या जिनिंगमध्ये नव्या माणसांबरोबर गाठी उचलू लागला. तिथला मुकादम त्याला ट्रकवर न घेता खालच्या कामाला लावी. तरीही देवाजी पहाटे चारलाच उठे. दीपमालाशी तो कामापुरतंच बोले.

पहिला पगार हातात पडला तसा तो मेडिकलवर गेला. सुयांचा डबा घेतला, स्पिरीट, कापूस आणि हातमोजे घेतले, आणि पोरीला घेऊन बयनाबाईंच्या ओसरीवर गेला. त्या आता रिटायर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग दीपमालाची बोटं हातात धरून बघितली.

“इथं हात बसला की मंग माह्या जुन्या सरकारी दवाखान्यात नेईन तुले. फुकट राबा लागन. चालन?”

“चालन.”

“मंग कोनाचा हात टोचतं?” बयनाबाईंनी विचारलं.

देवाजीने बाही वर केली.

“बाबा, हात द्या,” दीपमाला म्हणाली.

त्याने हात दिला. तोंड मात्र रस्त्याकडेच ठेवलं. सुई चुकली. पुन्हा चुकली. बयनाबाईंनी पोरीचा अंगठा धरून शिरेवर ठेवला. देवाजी हलला नाही. त्याच्या गाठींचे पैसे तीन वर्षं कुठे गेले ते त्याला आता ठाऊक होतं. गाठींच्या पैशांतून खरा आला होता तो हा डबा तेवढा, आणि त्यात सुया अजून पुष्कळ होत्या.