घरचा का धंद्याचा

ग्रुपवर ग्रामपंचायतीचा मेसेज आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातानंच फोन उघडला. मोठा कचरा न्यायला आज पहिल्यांदाच ट्रॅक्टर येणार होता. मोठा म्हणजे काय, तेही लिहिलं होतं: घंटागाडीच्या तोंडात मावत नाही ते. गादी, सोफा, कपाट, पलंग. मला तर नाचावंसं वाटलं.

शिक्रापुरात खोल्या भाड्यानं देणाऱ्यालाच हा आनंद कळेल. कंपनीतलं काम सुटलं की पोरं एका बॅगेनिशी निघून जातात, गाद्या माझ्या गळ्यात. साठून साठून कोपऱ्यातली एक खोली छतापर्यंत भरली होती. आणि नेमकी तीच आज रिकामी हवी होती. माझ्या एका बिहारी भाडेकरूची बायको आणि लहान मुलगी पहिल्यांदाच इकडे येत होत्या, दुपारी दौंडला उतरणार होत्या. तो राहायचा चार नंबरच्या खोलीत, चौघांत. दुसरी खोली कुठंच मिळेना. "नहीं हुआ तो वापस भेज दूँगा, आंटी," असं तो खाली मान घालून म्हणाला होता.

मी पदर खोचला. त्यानं आणि मी मिळून गाद्या ओढत रस्त्यावर आणल्या. अकरा निघाल्या, वर दोन फुटके कूलर आणि एक तीन पायांचा पलंग. धुळीनं मी शिंकत होते आणि हसतही होते. शेजारीण म्हणाली, "लगीन हाय का काय घरी?"

"तसंच समजा," मी म्हणाले.

ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं खाली उतरून ढिगाभोवती एक चक्कर मारली. "काकू, ह्यो कचरा घरचा का धंद्याचा?"

"म्हंजी?"

"घरचा आसंल तर न्हेतो. हाटेल, दुकान, भाड्याच्या खोल्या, त्येंनी आपला आपण डेपोवर न्यायचा. मेसेजमधी खाली लिवलंय की."

खालचं मी वाचलंच नव्हतं. अर्धं वाचून उड्या मारायची माझी जुनीच खोड. आता टेम्पो शोधायचा म्हणजे दिवस गेला, आणि दौंडची गाडी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

"घरचाच हाय," मी ठोकून दिलं.

"अकरा गाद्या? माणसं किती घरात?"

"गादी तेवढी माणसं. समदी माझीच पोरं. त्यो बघा, त्यो माझ्या बहिणीचा."

मी बोट दाखवलं तसा तो बिहारी एकदम दचकला. चोरी पकडल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"बहीण बिहारात दिली व्हय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दिली."

त्याला हसू आवरेना. "चला, उचला," तो म्हणाला, आणि स्वतःच पलंगाला हात लावला.

खोली फिनेलनं धुतली, खिडकी उघडली. तो दौंडला पळाला. मी दिवसभर उगाचच चार वेळा जाऊन ती रिकामी फरशी बघून आले, इतकी खूश होते.

संध्याकाळी रिक्षातून तिघं उतरली. बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि सरळ माझ्या पाया पडली. "आप ही मौसीजी हैं ना? ये तीन साल से फोन पर यही कहते हैं, मौसी के घर रहता हूँ, चिंता मत करो."

तो जमिनीकडे बघत होता. तीन वर्षं मी त्याला 'चार नंबरवाला' म्हणूनच हाक मारत आले होते.