लायसन्स दवाखान्यात, माणूस ठाण्यात

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, पण ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

मी तेव्हा कोथरूडच्या बाजूला एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. हिंजवडीला कंपन्या उभ्या राहत होत्या आणि गावोगावची कॉम्प्युटर शिकलेली पोरं नोकरी शोधायला पुण्यात येत होती. चौघांत एक फ्लॅट घ्यायचा, मेसमध्ये जेवायचं आणि मोटारसायकलवरून मुलाखती देत हिंडायचं, असा त्यांचा क्रम. मोटारसायकली वाढल्या तसे त्यांचे चोरही वाढले. त्या आठवड्यात आमच्या खबऱ्याने सांगितलं की, शिकलेला दिसणारा एक पोरगा चोरीची काळी गाडी बिनधास्त कर्वे रस्त्यावरून फिरवतो. म्हणून भरदुपारी तिथल्या चौकात नाकाबंदी लावली.

नाकाबंदीत मी कागद नंतर बघायचो, आधी माणूस. लायसन्स खरंच घरी विसरलेला माणूस सगळे खिसे पुन्हा पुन्हा चाचपतो. ज्याच्याकडे ते मुळातच नाही, तो एकदाच चाचपतो, तेही आपल्याला दाखवायला. काळ्या गाडीवरून आलेल्या त्या पोराने खिशाला हातच लावला नाही. हा ह्या दोन्हींतला कोण, ते मला कळेना.

"सर, ॲक्च्युअली लायसन्स रूमवर राहिलं," तो म्हणाला.

"डोकं आणलंय ना बरोबर, की तेही रूमवरच?" आमचे हवालदार म्हणाले. ते सदाशिव पेठेतले. त्यांच्या तोंडाला लागण्यापेक्षा दंड भरलेला परवडायचा.

गाडीचे कागद दुसऱ्याच्याच नावावर निघाले. "मित्राची आहे सर. तो गावी गेलाय." आता, चोरीच्या प्रत्येक गाडीचा मित्र गावीच गेलेला असतो. आम्ही त्याला ठाण्यात आणलं.

ठाणे अंमलदाराने नाव विचारलं, गावचा पत्ता विचारला. पोराने साताऱ्याकडचं एक गाव सांगितलं, वडील एस.टी.त ड्रायव्हर असल्याचं सांगितलं. अंमलदार लिहितालिहिता थांबले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ह्या नावाचा मुलगा सकाळपासून दवाखान्यात बेशुद्ध आहे. वायरलेसवर आलं होतं."

मी नियंत्रण कक्षाला विचारलं. बातमी खरी होती. सकाळी सातच्या सुमारास हिंजवडीच्या रस्त्याला ट्रकने एका मोटारसायकलला उडवलं होतं. जखमीच्या खिशात लायसन्स होतं, गाडीही त्याच नावावर. लायसन्सवरच्या पत्त्यावर निरोप गेला, आईवडील येऊन पोचलेसुद्धा. नाव तेच, गाव तेच, फक्त माणूस माझ्यासमोर बाकावर बसलेला.

मी आवाज चढवला. "खरं नाव सांग."

"हेच खरं आहे सर."

"ह्या नावाचा मुलगा दवाखान्यात मरणाच्या दारात आहे. त्याच्या उशाशी त्याचे आईबाप बसलेत. तू तो असशील, तर तिथे कोण आहे?"

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. भामटा असता तर नाव बदललं असतं, गयावया केली असती, निदान पाणी तरी मागितलं असतं. हा मात्र हळूच म्हणाला, "सर, ती गाडी लाल होती का?"

मी फोन लावून विचारलं. लाल होती.

त्यावर तो रडायलाच लागला. हुंदके देत त्याने जे सांगितलं ते असं. चौघांच्या त्या फ्लॅटमध्ये लायसन्स एकच होतं, ह्याचं. बाकीच्यांनी काढतो काढतो म्हणत काढलंच नव्हतं. रूमवर नियम ठरलेला: ज्याला लांब जायचं, त्याने ते न्यायचं, जवळ जाणाऱ्याने गल्लीबोळातून जायचं. फोटो कॉलेजातला, इतका धुरकट की कोणाचाही म्हणून खपून जावा. सकाळी एका मित्राची मुलाखत होती, म्हणून ह्याने आपली लाल गाडी आणि लायसन्स दोन्ही त्याला दिलं होतं.

"मग हे चौकातच का नाही बोललास?"

"त्याच्यावर केस झाली असती सर. नोकरीच्या तोंडावर."

ऐकताना पटत होतं, तरी माझं मन घेईना. समजा हा खोटं बोलत असेल, तर? दवाखान्यात फोन करून त्या आईबापांना सांगायचं की तुमचा मुलगा सुखरूप आहे, आणि नंतर हा त्यांचा मुलगा नाहीच असं निघायचं? आणि खरं असेल, तर दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाचे आईबाप घरी निवांत बसलेत. कोणाला काय सांगावं, हेच मला सुचेना. शेवटी फोन न करता त्याला जीपमध्ये घातलं आणि दवाखाना गाठला.

अतिदक्षता विभागाबाहेर खाकी कपड्यातला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. ड्यूटीवरून तसाच उठून आलेला. त्याने मान वर केली आणि पोराकडे पाहिलं. उठला, जवळ आला, पोराचा खांदा, दंड, गाल दाबून पाहिला. मग त्याच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "लायसन कुठाय तुजं?"

मला हसू आलं नाही. आयुष्यभर एस.टी. चालवलेला तो माणूस पोराला छातीशी धरून तेवढंच परत परत विचारत होता, आणि माझेच डोळे भरून आले.

आवाज ऐकून आई बाहेर आली. आतल्या मुलाचं डोकं, तोंड सगळं पट्ट्यांत, चेहरा सुजलेला. तिने तो आपलाच म्हणून आल्यापासून सांभाळला होता. तिने मुलाला पाहिलं, त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, देवाचं नाव घेतलं. आता ही माउली मटकन खाली बसणार असं मला वाटलं. पण ती वळून दाराकडे बघत राहिली.

"मग आतला कुनाचा हाय?" तिने विचारलं.

पोराने मित्राचं नाव सांगितलं. गाव नांदेडकडचं. तिकडे निरोप धाडला, पण त्याच्या आईवडिलांना यायला सकाळ होणार होती.

"त्याला वाटतंय आय आलीय," ती म्हणाली. "मघाशी बोट धरलंय त्यानं माजं. त्याची आय येस्तवर मी न्हाय उठत." आणि ती आत गेली. ड्रायव्हर परत भिंतीला टेकून बसला. त्याच्या शेजारी त्याचा पोरगा बसला. मी बाहेर निघालो, तेव्हा वडिलांनी मला हाक मारली, "साहेब, ह्येची पावती फाडा. सोडू नका." मी फाडली.

आमच्या खात्यात माणसाची ओळख कागदाने पटवतात. पुढे मीही तेच करत राहिलो, दुसरा इलाज नसतो. पण कागद नसलेला माणूस समोर आला की त्याला आधी विचारायचो, तुला ओळखणारं कोण आहे, बोलव त्याला. त्या दुपारने मला ही सवय लावली. पोराची काळी गाडी खरंच गावी गेलेल्या मित्राची निघाली; खबऱ्याने सांगितलेला चोर मात्र आमच्या हाती कधीच लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जखमीची ओळख पटवणारा जबाब घ्यायला गेलो, तेव्हा नांदेडची बाई नुकतीच पोचली होती. साताऱ्याची बाई स्टुलावरून उठली, जखमी मुलाच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं, आणि त्याच मुठीत त्याच्या आईचं बोट ठेवलं. मुलाने ते घट्ट धरलं. तो वाचला, हे मला पुढे कळलं. तेव्हा कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मी कागद परत पिशवीत घातले आणि जबाब दुपारी घेतला.