दार शेवटी कापायचं

जेरार्ड रुमाव या माणसानं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत स्वतःच्या हातानं एकही खिळा ठोकला नव्हता. यात त्याचा दोष अर्धाच. दुबईत अल मनखूलच्या ज्या बिल्डिंगमध्ये त्याचा संसार झाला, तिथं नळ गळला की मेन्टेनन्सला फोन, बल्ब गेला की वॉचमनला फोन, आणि वॉचमन जागेवर नसला की इनेजला हाक. इनेज म्हणजे त्याची बायको. ती स्टुलावर चढून बल्ब बदलायची आणि हा खाली उभा राहून स्टूल धरायचा, तेही एका हातानं, कारण दुसऱ्या हातात मोबाइल. नोकरी म्हणाल तर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कंपनीचं स्टोअर. स्क्रू, बोल्ट, करवतीची पाती, सगळं त्याच्या हाताखालून जायचं, पण दुसऱ्यांच्या हातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशा माणसाला ओंडक्यांच्या घराचं वेड लागलं, आणि लागलं ते दाताच्या दवाखान्यात. नंबर यायला वेळ होता म्हणून तो मोबाइल बघत बसला, तर त्यात कुठल्याशा बर्फाळ मुलखातला एक म्हातारा एकट्यानं घर बांधत होता. सिमेंट नाही, वीट नाही. झाडाचे सोललेले ओंडके एकावर एक, कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांत बसवलेले. जेरार्डला पुढं बोलावलं तेव्हा घराच्या तीन भिंती झाल्या होत्या. दाढ काढून तो घरी आला तो तोंडात कापूस घेऊन. बोलता येईना, पण दोन्ही हात एकमेकांत अडकवून तो इनेजला काहीतरी दाखवत राहिला. दुखतंय फार, असं समजून तिनं त्याला गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी कापूस निघाला आणि उलगडा झाला. पुढच्या वर्षी नोकरी संपणार, दोघं वसईला परत जाणार, हे ठरलेलंच होतं. वसईजवळच्या गास गावात जेरार्डच्या बापाची वाडी होती, वाडीत विहीर होती. तिथं आपण ओंडक्यांचं घर बांधायचं, आणि मी स्वतः बांधणार, असं तो म्हणाला. इनेजचं मन केव्हाचं एका टॉवरमधल्या फ्लॅटवर होतं. लिफ्ट, वर गार वारा, खाली दुकानं. तन्मय नावाचा ब्रोकर तिला वसईहून आठवड्याला फोन करायचा.

"लाकडाला वाळवी लागते, जेरार्ड," ती म्हणाली.

"दगडी जोत्यावर उंच बांधायचं. सगळा स्टडी केलाय मी."

"एका रात्रीत?"

"व्हिडिओ छोटे असतात."

इनेज एका शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं पालकांशी बोलत आली होती. नाही म्हटलं की माणूस पेटतो, हे तिला पक्कं माहीत. ती म्हणाली, "असं कर. आधी एक खोली बांधून दाखव. तुझ्या हातानं. मी आत बसून एक कप चहा पिईन. चहा संपेपर्यंत मला उठावंसं वाटलं नाही तर गासला तुझं घर. उठावंसं वाटलं तर माझा फ्लॅट. खलास."

हा गडी बल्ब बदलत नाही, खोली कुठली बांधतो, असा तिचा साधा हिशेब होता.

जेरार्डनं दुसऱ्याच दिवशी फ्रिजमधल्या काकड्या बाहेर काढल्या. ओंडका गोल, काकडी गोल. सुरीनं खाचा पाडून त्यानं डायनिंग टेबलावर काकड्यांचं घर उभं केलं आणि कोणी त्याला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यांची मुलगी जेनिस कामावरून आली, तिनं घर पाहिलं आणि म्हणाली, "डॅड, दॅट्स आवर सॅलड." दोन दिवसांत काकड्या सुकल्या, आखडल्या आणि छप्पर खाली बसलं. कोणी दुसरा असता तर त्यानं नाद सोडला असता. जेरार्ड मात्र आनंदानं घरभर नाचला, कारण म्हाताऱ्यानं व्हिडिओत नेमकं हेच सांगितलं होतं. ओल्या लाकडाची भिंत सुकता सुकता खाली बसते, म्हणून दाराच्या चौकटीवर मोकळी जागा ठेवायची. हे ज्ञान काकडीनं दिलं. त्या आठवड्यात रुमाव कुटुंबानं कोशिंबीर मात्र फार खाल्ली.

खऱ्या लाकडासाठी त्याला गनी आठवला. गनी मूळचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. अबू धाबीजवळ मुसफ्फात त्याचं वर्कशॉप होतं, लोखंडी गेट आणि रेलिंग बनवण्याचं, आणि जेरार्डच्या स्टोअरला तो वर्षानुवर्षं माल द्यायचा. मागच्या अंगणात त्यानं भंगारातून घेतलेले जुने, डांबर पाजलेले लाकडी विजेचे खांब पडून होते.

"हे घे," गनी म्हणाला. "वीस-वीस दिरहॅमला पडलेत, म्हणजे पाचशे रुपयेपण नाही. पण एक बात. खोली झाल्यावर ती इथंच राहणार. माझ्या पोरांना चहा प्यायला जागा नाही."

"त्यात पहिला चहा इनेज पिणार," जेरार्ड म्हणाला. आणि त्यानं अट सांगितली. गनी इतका हसला की त्याला टेकायला खांब शोधावा लागला.

मग दर सुट्टीला जेरार्डची गाडी मुसफ्फाच्या रस्त्याला. पहिल्या महिन्यात त्यानं एवढ्या चुका केल्या की गनीचे कामगार त्या बघायला लवकर यायचे. सगळ्या खांबांची जाड टोकं त्यानं एकाच बाजूला ठेवली. भिंत एकीकडे चढत गेली आणि खोली उतारावर उभ्या केलेल्या ट्रकसारखी दिसू लागली. मग कळलं, एकदा जाड टोक उजवीकडे, पुढच्या वेळी डावीकडे. खाच त्यानं ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाडली. गनी म्हणाला, "भाई, गासला पाऊस पडतो की नाही? ही वाटी झाली. पाणी साचून कुजेल." मग खाच खालच्या अंगाला. ओंडका उतरवायचा, पुन्हा कोरायचा, पुन्हा चढवायचा. खालच्या ओंडक्याची गोलाई वरच्यावर खडूनं उतरवून घ्यायची आणि तेवढंच लाकूड काढायचं, म्हणजे दोघांत पत्त्याचं पानही जाऊ नये. खिशात पत्ता घेऊन फिरणारा हा पहिलाच रुमाव, ज्याला जुगार माहीत नव्हता.

आणि गंमत अशी की त्याला जमायला लागलं. एके दिवशी ओंडका खाली आला आणि जागेवर असा बसला की ठक्क आवाज झाला. पत्ता फिरवून पाहिला, कुठंच जाईना. जेरार्ड त्या ओंडक्याला मिठी मारून उभा राहिला. घरी जाताना त्यानं गाडीत मोठ्यानं गाणी म्हटली, सगळी चुकीच्या सुरात. इनेजनं त्याचे हात पाहिले. ते हात तिच्या ओळखीचे नव्हते, तळव्यांना घट्टे पडले होते. त्या रात्रीपासून जेवणाच्या टेबलावर खोबरेल तेलाची बाटली दिसू लागली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी शेवटचा ओंडका चढायचा होता. इनेज आणि जेनिस तीन वाजता येणार होत्या. तन्मयनं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत फ्लॅटचं हो की नाही मागितलं होतं, आणि ते जेरार्डला ठाऊक होतं. म्हणून तो सकाळपासून हवेत होता. शिडीवरून भिंतीवर, भिंतीवरून आतल्या पिंपावर, पिंपावरून जमिनीवर, अशी त्यानं आत उडी घेतली, या वयात आणि या गुडघ्यानं. बाहेरून गनीनं फोर्कलिफ्टनं ओंडका वर धरला, जेरार्डनं आतून हात देऊन तो खाचेत बसवला. ठक्क. चारी भिंती डोक्याच्या वर गेल्या. गनी बाहेरून ओरडला, "जुम्म्याला जातो, भाई. तू दाराच्या खुणा कर. आलो की कापू." फोर्कलिफ्ट मागं घ्यायला शिडी आड येत होती, ती कोणीतरी उचलून बाजूला ठेवली आणि सगळे गेले.

ओंडक्यांच्या घराला दार आधी ठेवत नाहीत. भिंती अखंड रचायच्या, आणि दार शेवटी कापून काढायचं. जेरार्डला हा नियम भारी आवडला होता. शीळ घालत त्यानं उत्तरेच्या भिंतीवर खडूनं चौकट आखली, दोन पावलं मागं सरून ती पाहिली, आणि मोटरची करवत घ्यायला वळला.

करवत बाहेर होती. शिडी बाहेर होती. मोबाइल जॅकेटात होता आणि जॅकेट गेटला टांगलेलं होतं. जेरार्ड पिंपावर चढला. भिंतीच्या वर त्याचं डोकं आलं, कोपरं आली, मग पोटानं सांगितलं की आता पुढं नाही. तो ओरडला. आख्खं अंगण नमाजाला गेलेलं. ज्या माणसानं जन्मभर एक खिळा ठोकला नाही, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही बांधलं आणि ते स्वतःभोवती बांधलं.

त्यात इनेज वेळेच्या तासभर आधी पोचली, कारण गाडी जेनिस चालवत होती. दोघी गेटातून आत आल्या आणि थांबल्या. समोर चार भिंती, आणि वर विहिरीतून डोकावणाऱ्या कासवासारखं जेरार्डचं डोकं.

"डॅड," जेनिस म्हणाली, "व्हेअर इज द डोअर?"

"दार शेवटी कापायचं असतं," जेरार्ड शक्य तितक्या रुबाबात म्हणाला. "पद्धतच आहे तशी."

"शेवटी म्हणजे कधी?" इनेजनं विचारलं.

"म्हणजे आता."

"मग काप की."

"करवत तुझ्या पायाशी आहे."

इनेजनं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि ती शेजारच्या ओंडक्यावर बसलीच. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, चहाचा थर्मास मांडीवरून घसरला, आणि जेनिसच्या हातातला मोबाइल इतका हलत होता की व्हिडिओत नुसतं आभाळ आलं. जेरार्डही हसायला गेला, पण त्याला अट आठवली. चहा आत बसून प्यायचा होता. आत यायला वाटच नव्हती, आणि संध्याकाळी तन्मय फोन करणार होता. हसू झालं की ही उठेल आणि गाडीत बसेल, असं त्याला वाटलं. तो पिंपावरून खाली उतरला. हरल्यासारखं वाटलं त्याला, अगदी आतून.

बाहेर पावलं वाजली. इनेज खोलीभोवती चालत होती. तिनं बोटानं भिंतीवर टकटक केलं, थोडं पुढं जाऊन पुन्हा केलं. जेरार्ड आतून त्या आवाजाबरोबर सरकत राहिला. फट राहू नये म्हणून त्यानं एवढे महिने जीव काढला होता, आणि आता एक फट असती तर तिचा चेहरा दिसला असता.

"दार कुठं काढणार?" तिचा आवाज आला.

"उत्तरेला. खुणा केल्यात."

"गासला उत्तरेला काय आहे?"

"शेजाऱ्यांचा पंप."

"आणि विहीर?"

"पूर्वेला."

पावलं कोपरा वळून पुढं गेली. मग पूर्वेच्या भिंतीवर टकटक झालं, यावेळी जोरात. "मग दार इथं. सकाळी मी चहा घेऊन दारात बसले तर मला विहीर दिसली पाहिजे. पंपाची घरघर ऐकत बसू काय?"

जेरार्डनं उत्तरेच्या भिंतीवरचा खडू बाहीनं पुसला.

गनी परतला तेव्हा इनेजभाभी हातात करवत घेऊन उभ्या होत्या. "शिडी देतो, भाईला आधी बाहेर येऊ दे," तो म्हणाला.

"नको. राहू दे त्याला आत. आपण दार काढू."

गनीनं पूर्वेला दोन उभ्या फळ्या ठोकल्या, ओंडके घरंगळू नयेत म्हणून. जेरार्डला त्यानं पलीकडच्या भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. पहिला काप त्यानं स्वतः घेतला. पुढच्याला इनेजनं मूठ धरली आणि गनीनं तिच्या हातांवर हात ठेवले. डांबराचा वास आणि भुसा सगळीकडे उडाला. एक तुकडा आत पडला आणि भोकात जेरार्डचा चेहरा आला, पांढरा, भुशानं माखलेला. त्यानं चहासाठी हात बाहेर काढला.

"आधी दार," इनेज म्हणाली.

शेवटचा तुकडा पडल्यावर ती वाकून आत आली. आत थंड होतं. तिनं कोपऱ्यातल्या खाचेवरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि पिंपावर बसली. जेरार्डनं थर्मास उघडला. कप काठोकाठ भरून त्यानं तिला दिला. तिनं पहिला घोट घेतला आणि मोबाइल वाजला. तन्मय.

"मॅडम, फायनल करू ना?"

"तन्मय, त्या फ्लॅटचं दार कुठं आहे?"

"लिफ्टच्या अगदी समोर, मॅडम."

"ते दुसऱ्या भिंतीला करता येईल?"

"नाही हो मॅडम. दार जिथं आहे तिथंच राहणार."

"मग राहू दे," इनेज म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. बोलता बोलता कप रिकामा झाला होता. तिनं तो जेरार्डपुढं धरला.

"अजून अर्धा दे."