अंबादासने रचलेली रबराची जाळी

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता. पाथरीच्या शाळेत मधल्या सुट्टीत ते हातात पडलं आणि वाचायच्या आधीच कुणीतरी गेलं हे कळलं. अंबादासच्या बायकोने, शांताबाईने, शेजारणीकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या. परभणीच्या वर्कशॉपमध्ये काम करतानाच छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... या गोष्टीला आता दीड महिना होतोय.

अंबादास आणि मी एकाच गावचे. माझं माहेर गावात, त्याचं घर वस्तीवर. सातवीपर्यंत एका वर्गात बसलो. पुढे तो फिटरकाम शिकून परभणीत पोरांना शिकवायला लागला, मी पाथरीला शिक्षिका झाले. भेट व्हायचं काही कारण नव्हतं. ते कारण माझ्या पायाने आणलं. देवगाव फाट्यावर जीपमधून उतरले आणि मागून आलेल्या ट्रकखाली डावा पाय सापडला. गुडघ्याखाली वीतभर उरला.

कृत्रिम पाय मिळाला, पण त्याच्या वाटीत उरलेल्या पायाचं टोक टेकलं की कातडी सोलून निघायची. कापूस घातला, फोम घातला. आठ दिवसांत सगळं चपटं व्हायचं. कुणाकडून तरी ऐकून अंबादास एके दिवशी शाळेत आला, पाय हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, “बाई, ह्यात भरीव काही चालनार न्हाई. जाळी पायजे.”

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून, एक थर उभा, एक आडवा असा चिकटवत त्याने गादी केली. सगळीकडे सारखी भोकं. दिसायला फार सुबक. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी फळ्यावर लिहिताना मधला एक थर एका बाजूला एकदम बसला आणि मी वर्गासमोर पडले. पोरं हसली नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी चिडूनच परभणी गाठली. त्याने गादी वाईसच्या लोखंडी जबड्यात धरली, हँडल हळूहळू फिरवलं आणि मला वाकून बघायला लावलं. “बगा. सगळ्या थरांत सारखी पोकळी असली की कोनता थर आधी बसंल, सांगता येत न्हाई. जो जरा कच्चा, तो दगा देतो.” मग दुसरी गादी धरली. हिच्यात वरच्या पट्ट्या विरळ होत्या, आणि खाली जावं तशा एकमेकींजवळ सरकत शेवटी दाट झालेल्या. हँडल फिरलं तसा आधी वरचा थर दबला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा... शेवटी त्याला हँडल दोन्ही हातांनी ओढावं लागलं. “वजन वाढतं तसा आधार वाढतो. फक्त वरचे थर लवकर थकतील. सा महिन्यांनी बदलून देईन.” आणि तो देत राहिला, सात वर्षं.

त्याच फेऱ्यांपैकी एकीत, पट्टी कापता कापता, मान वर न करता तो म्हणाला, “त्या साली वस्तीत कुनी नुसता सांगावा धाडला असता, तर माय आधीच बाहेर पडली असती.”

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, ते साल. अंबादासचं घर जळालं. धान्याची कणगी ओढायला आत गेलेल्या त्याच्या आईचे दोन्ही हात भाजले. ती पुन्हा कधी गावात आली नाही. मी तेव्हा माहेरी होते. आदल्या दुपारी जेवताना माझ्या थोरल्या भावाने, दादाने, उद्याचा सगळा बेत सांगितला होता. मी भाकरी वाढत होते. वस्ती हाकेच्या अंतरावर होती. मी गेले नाही.

अंबादासने ते वाक्य बोलल्यावर मी सांगायला हवं होतं. मी विचारलं, “अजून किती वेळ लागेल?”

यंदा नामांतर झालं. त्याने मला पेढा दिला, मी तो खाल्ला, आणि तेव्हाही गप्प राहिले.

कार्ड आल्यावर परभणीला गेले. दारातच उभी राहून शांताबाईला सगळं सांगून टाकलं.

“त्यांना ठावूक होतं,” ती म्हणाली. “तुमच्या भावाला आग लावताना त्यांनी डोळ्यांनी बगितलं होतं. घरात बोलनं झालं असंल, हेबी समजून होते. तुमी कवातरी सांगाल म्हनायचे.”

“मग माझा पाय का सांभाळला?”

“मला काय म्हाईत! मी लय भांडले त्यांच्याशी. मला राग यायचा तुमचा. आजबी यायलाय.”

मी जायला वळले. तिने हाक मारली, “कुठं निघाल्या? बसा.” आतून दोन्ही मुलींना बोलावून तिने माझ्यासमोर बसवलं. “त्या दुपारी जेवताना कोन कोन होतं, कोन काय बोललं, समदं सांगा. ह्यांना कळू द्या.”

त्या दुपारी वाढणारी मी एकटी होते; जेवणारे पाच जण होते. मी दादाच्या नावापासून सुरुवात केली.