एका ओळीची हौस

सकाळी प्रोग्रामरची बायको त्याचा डबा भरत होती, तोच दार धडधडलं. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणाऱ्याचा थोरला भाऊ आत घुसला आणि त्यानं प्रोग्रामरच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ओठ फुटला.

"तुझ्या मशीननं माझ्या भावाचा पंजा चिरडला."

दोन ओळींचं काम एका ओळीत बसवायची प्रोग्रामरला भारी हौस. प्रेस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या एकाच ओळीत त्यानं एकच आकडा दोनदा बदलला होता. ओळीतला आधी डावा भाग चालेल नाहीतर उजवा, असं धरून दोन्ही शक्यता तपासल्याही होत्या. पण अशा ओळीला त्या प्रोग्रामिंगच्या भाषेत नियमच नव्हता. काहीही घडू शकत होतं. काल प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर बसवला आणि हात आत असतानाच प्रेस खाली आली.

पोटात ठोसा बसला. "बोल की आता, शहाण्या."

"दादा, मारा," तो कण्हत म्हणाला, "पण आधी एक फोन करू द्या. बाकीच्या प्रेसही त्याच प्रोग्रामवर चालतात, त्या बंद करायच्यात."